केकची सजावट, स्नेहाची जोडणी



वाढदिवसाच्या समारंभात केक वाटला जातो, तेव्हा जैन घरातील बालक हात मागे घेते व कोपऱ्यात उभे राहते. वास्तविक अंड्याचे कार्य दही व खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून निघणारा वायू पार पाडू शकतो. सजावटीत मात्र अधिक दक्षता हवी. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून, तर कार्माइन हा लाल रंग कीटकांपासून तयार होतो. बीट हेही कंदमूळच. अशा वेळी गुलाबी छटेसाठी डाळिंबाचा रस व हिरव्यासाठी पिस्त्याची पूड पुरेशी होते.

केक सजविण्याच्या कार्यशाळेत हे ज्ञान एकाच टेबलाभोवती वाटले जाते. सून क्रीमचे गुलाब काढण्यास शिकविते, सासू पथ्यापथ्य सांगते. शेजारच्या अन्यधर्मीय भगिनींनाही अगत्याने निमंत्रण गेले, तर पुढील वाढदिवशी त्यांच्याच घरी बिनअंड्याचा केक सूर्यास्तापूर्वी कापला जाईल आणि कोपऱ्यातील ते बालक निःशंकपणे पुढे येईल. नियम न मोडता पंगत मोठी होणे, हेच स्नेहवर्धनाचे खरे फलित होय.

जय जिनेंद्र!