परीक्षक कोणाचा?



ॲपल श्रेष्ठ, सॅमसंग की गूगल, हा वाद आज अमरावती-अकोल्यातही हिरीरीने चालतो. सर्वांत महागड्या फोनांची तुलना करणारे परीक्षक त्याला दारूगोळा पुरवितात. परंतु हे परीक्षक कोणाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

परीक्षणासाठीचा फोन बहुधा कंपनीच देते. ऑगस्ट 2024 मध्ये गूगलच्या एका प्रचारयोजनेतील अट उघडकीस आली. पिक्सेलपेक्षा अन्य फोनला पसंती दिल्याचे दिसल्यास संबंध संपुष्टात येतील, असे तीत म्हटले होते. टीका होताच अट मागे घेण्यात आली. परंतु अट गेली म्हणून अवलंबित्व जात नाही. पुढचा फोन मिळावा ही आशाच टीकेची धार बोथट करण्यास पुरेशी असते.

मग कसोट्याही कंपनीच्या सोयीच्या ठरतात. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे ॲपलच सांगते. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे जातो. मे 2024 मध्ये तर उष्णतेपायी तेथे कलम 144 लावावे लागले. त्या उन्हात घरोघर माल पोहोचविणाऱ्या कामगाराची रोजी फोनवर अवलंबून असते. त्याचे ऊन वातानुकूलित खोलीतल्या परीक्षणात कोठून येणार?

अमेरिकेत 1936 साली स्थापन झालेली एक ग्राहकसंस्था आजही चाचणीच्या वस्तू दुकानातून विकत घेते. आपल्या ग्राहक चळवळीनेही वर्गणी काढून फोन विकत घ्यावा, वऱ्हाडच्या उन्हात, मेळघाटच्या दरीत तो पारखावा आणि निकाल निर्भयपणे जाहीर करावा.