घरचा संगणक आणि हातचा वेळ

संगणक घरांत आला म्हणजे कामें झटपट उरकतील आणि वेळ मोकळा राहील, अशी पुष्कळ कुटुंबांची समजूत असते. अनुभव मात्र निराळा येतो. वीजबिल भरणें, सोसायटीच्या सभेचा वृत्तांत लिहिणें, मुलाच्या शाळेस अर्ज धाडणें, हीं कामें संगणकावर होतात खरीं. परंतु तीं संपेपर्यंत संध्याकाळ टळून गेलेली असते. दोष यंत्राचा नाहीं. बोटांच्या संथपणाचाही फारसा नाहीं. घरगुती कामांत अक्षरें उमटविण्यास लागणारा वेळ थोडा असतो. बाकीचा सगळा दोन वाटांनीं जातो: एक भीतीपायीं, आणि दुसरा शोधाशोधींत.

भीतीचा विचार आधीं केला पाहिजे. एखादे निवृत्त गृहस्थ दोन पानांचा वृत्तांत लिहून संपवीत आणतात. तोंच चुकून कंट्रोल व ए या दोन कळा एकदम दाबल्या जातात. सर्व मजकुरावर रंग चढतो, आणि पुढचें एक अक्षर उमटतांच पान कोरें पडतें. गृहस्थ घाबरून यंत्रच बंद करतात आणि दोन तासांच्या श्रमांस मुकतात. वास्तविक त्या क्षणीं कंट्रोल दाबून धरून झेड ही कळ दाबली असती, तर संबंध मजकूर होता तसा परत आला असता. केलेलें मागें घेण्याची ही सोय लेखनाच्या जवळजवळ प्रत्येक साधनांत असते; अट एवढीच कीं लिहिण्याचें काम बंद करण्यापूर्वीं ती वापरावी. मागें जातांना हात अधिक चालला, तर कंट्रोल व वाय यांनीं बहुधा पुढें येतां येतें. ज्याला हें ठाऊक आहे तो दहा गोष्टी निर्धास्तपणें करून पाहतो. ज्याला ठाऊक नाहीं तो प्रत्येक कळेपाशीं थबकतो आणि नातू शाळेंतून येण्याची वाट पाहत बसतो.

ही भीति अगदींच अकारण नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत ‘ब्राव्हो’ नांवाचें लेखनसाधन तयार झालें. त्यांत एकच कळ कधीं अक्षर उमटवी, तर कधीं हुकूम बजावी. त्याविषयीं एक गोष्ट सांगतात. कोणी ‘एडिट’ हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द भलत्या वेळीं टाइप केला. यंत्रानें ‘ई’चा अर्थ सर्व मजकूर निवडणें, ‘डी’चा पुसणें, ‘आय’चा नवें घालणें असा घेतला, आणि अखेर पानावर एकटा ‘टी’ उरला! गोष्ट घडलेली असो वा रचलेली असो, अडचण खरी होती. त्याच केंद्रांतील लॅरी टेस्लर यांनीं या दुहेरी अर्थाविरुद्ध जन्मभर चळवळ केली. टिम मॉट यांच्यासह त्यांनीं मजकूर कापून किंवा उतरवून घेऊन दुसरीकडे चिकटविण्याची आजची रीत बसविली. पुढें ते ॲपल कंपनींत गेले. २०२० मध्यें ते वारले. कापण्यास एक्स, उतरवून घेण्यास सी, चिकटविण्यास व्ही आणि मागें घेण्यास झेड, या चारही कळा कळफलकाच्या डाव्या बाजूस खालच्या ओळींत शेजारीं शेजारीं आहेत, त्यामुळें उजवा हात माऊसवर असतांनाही डाव्या हातानें काम भागतें. ॲपलच्या यंत्रावर कंट्रोलच्या जागीं कमांड ही कळ वापरावी, इतकाच फरक. या चौघींच्या जोडीस जतन करण्याची कंट्रोल व एस ही जोडी घ्यावी. परिच्छेद संपला कीं ती दाबण्याची संवय हातास लावलेली बरी.

विंडोज वापरणाऱ्यांस २०१८ पासून आणखी एक सोय झाली आहे. विंडोज-चिन्हाची कळ व व्ही दाबल्यास पूर्वीं उतरवून घेतलेल्या मजकुरांची यादी पुढें येते. प्रथम वापरतांना ती चालू करावी लागते. पत्ता आणि खातेक्रमांक दोन्ही हवे असल्यास दोन खेपा घालाव्या लागत नाहींत. परंतु उतरवून घेतलेला गुप्तशब्दही त्या यादींत दिसतो. सामाईक संगणकावर तो लागलीच काढून टाकावा.

आतां शोधाशोध. लांबलचक पानावर एक ओळ हवी असल्यास कंट्रोल व एफ दाबून शब्द लिहावा, हें अनेकांस माहीत असतें. मराठी माणसास मात्र येथें एक गांठ सोडवावी लागते. आपल्या भाषेंत प्रत्यय लागला कीं शब्दाचें रूप पालटतें. ‘पाणी’ शोधणाऱ्यास ‘पाण्याची टाकी’ सांपडत नाहीं, ‘दूध’ शोधणाऱ्यास ‘दुधाचा हिशेब’ हुकतो. म्हणून दोन्ही रूपांनीं शोध घ्यावा. शिवाय जुन्या फाँटांत टाइप केलेलीं मराठी कागदपत्रें पडद्यावर मराठी दिसलीं, तरी यंत्राच्या पोटांत भलत्याच चिन्हांनीं सांठविलेलीं असतात. युनिकोडमध्यें लिहिलेला शब्द त्यांत सांपडत नाहीं. असे महत्त्वाचे कागद युनिकोडमध्यें आणून ठेवणें हें एकदांचेंच कष्टाचें काम आहे, पण तें टाळूं नये.

सर्वांत अधिक वेळ जातो तो गेल्या वर्षींची पावती धुंडाळण्यांत. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटचें’, ‘खरोखर शेवटचें’ अशीं नांवें दिलेल्या कागदांतून योग्य तो ओळखणें स्वतः नांवें देणाऱ्यासही जमत नाहीं! नांवांच्या यादींत क्रम डावीकडून लागतो. म्हणून आधीं वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस आणि शेवटीं विषय लिहावा: ‘२०२४-०३-०५ वीजबिल’. आंकड्यांमध्यें तिरकी रेघ विंडोजला चालत नाहीं, आडवी चालते. नांवें या पद्धतीनें दिलीं, तर सारीं बिलें तारीखवार एकाखालीं एक येतात, आणि मार्चचें बिल फेब्रुवारीच्या बिलाखालींच सांपडतें.