बाहुबल खुंटीला टांगून
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून हिंदी चित्रपटावर बोलणे काही ज्येष्ठांस रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु या चित्रपटाचा आपल्या मुलाबाळांशी निकटचा संबंध आहे.

१९६६ च्या 'फूल और पत्थर'ने धर्मेंद्र यांची पीळदार देहाचा नायक म्हणून ख्याती झाली. १९७१ मध्ये 'मेरा गाँव मेरा देश'मध्ये ते दरोडेखोरांशी लढले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' आला. त्याच वर्षी, 'शोले'पूर्वी काही महिने, हृषीकेश मुखर्जी यांनी या मर्दगड्याला 'चुपके चुपके'मध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक केले. घोडा नाही, बंदूक नाही, मारामारी नाही. बाहुबल खुंटीला टांगून हा नट केवळ भाषेच्या आधारावर उभा राहिला.

नवपरिणीत पत्नीला थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या चातुर्याचा मोठा अभिमान. हे गृहस्थ, म्हणजे ओमप्रकाश, शुद्ध हिंदीचे कट्टर आग्रही. त्यांची फजिती करण्यासाठी प्राध्यापक महाशय ड्रायव्हर प्यारेमोहन बनतात आणि अशी संस्कृतप्रचुर हिंदी सुरू करतात की साहेबांस शुद्धतेचेच अजीर्ण व्हावे! राजभाषेतील परिपत्रके वाचण्यात आमची सारी नोकरी गेली असल्याने प्यारेमोहन आम्हांस कचेरीतील सहकारीच वाटतो.

धर्मेंद्र यांनी येथे वेडीवाकडी तोंडे केली नाहीत. चेहरा गंभीर, वागणे अतिनम्र. इंग्रजी शिकताना 'टु' आणि 'डु' यांच्या पंक्तीत 'गो' का बसत नाही, हा प्रश्नही ते जिज्ञासू विद्यार्थ्याच्या निरागसतेने विचारतात. हसविण्याची धडपड नाही, म्हणूनच हसू येते. शिवाय, चेष्टा भाषेची नसून एका माणसाच्या हट्टाची आहे, हे चित्रपटातच स्पष्ट केले आहे.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमची कन्या चारचौघांत म्हणाली, "माझी पुस्तक हरवली." हिंदी मुलखात वाढलेली मुलगी, पुस्तक तिच्या लेखी स्त्रीलिंगी. सारे हसले. सर्वांत मोठ्याने आम्ही हसलो. त्यानंतर कितीतरी दिवस ती मंडळात मराठीचा एक शब्द बोलली नाही. आम्ही मराठीत विचारावे, तिने हिंदीत उत्तर द्यावे.

२४ नोव्हेंबर २०२५ रोजी धर्मेंद्र निवर्तले. त्या आठवड्यात आम्ही सर्वांनी घरी हा चित्रपट पुन्हा पाहिला. ओमप्रकाश यांची त्रेधा पाहून आम्ही पोट धरून हसत होतो. कन्या शांतपणे म्हणाली, "बाबा, हे साहेब म्हणजे तुम्हीच." ती मराठीत बोलली, यातच आमचे समाधान, परंतु हसू मात्र ओठांवरच राहिले.

मित्रहो, एवढ्या मोठ्या मर्दाने आपले बळ बाजूला ठेवले आणि तो लोकांस अधिकच प्रिय झाला. आपण वडीलधाऱ्यांनी आपली शुद्धता घटकाभर बाजूला ठेवली, तर काय बिघडेल? मूल मोडकेतोडके मराठी बोलले, तर हसू नका. मराठीतच उत्तर द्या. चूक पुढे आपोआप सुधारेल. अबोला सुधारणे मात्र कठीण असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मंडळाच्या शतकमहोत्सवात हीच मुले या व्यासपीठावरून बोलोत. त्यांचे एखादे पुस्तक तेव्हा स्त्रीलिंगी निघाले, तरी आमची तक्रार असणार नाही.