प्लग पाहावा काढून

घाट चढताना मोटार विनाकारण धापा टाकू लागली, उभी असताना तिचे अंग थरथरू लागले, किंवा सकाळी दोनतीनदा चावी फिरवूनही ती जागी होईना, की मालकाचा पहिला संशय पेट्रोलवर जातो आणि दुसरा बॅटरीवर. खरा अपराधी पुष्कळदा बोटाएवढा असतो. एंजिनच्या माथ्यात आट्यांनी घट्ट बसलेला स्पार्क प्लग वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणूनच त्याचा विसर पडतो.

त्याचे काम सांगायला सोपे आहे. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या पेट्रोल व हवेच्या मिश्रणाला नेमक्या क्षणी ठिणगी द्यायची. १८६० साली एत्येन लन्वार याने आपल्या वायु-एंजिनात विजेच्या ठिणगीचाच उपयोग केला होता. परंतु वेगवान मोटार-एंजिनाला पुरेल अशी खात्रीची ठिणगी मिळाली ती १९०२ साली, जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जुळणारा प्लग सिद्ध केला तेव्हा. भारतातील मोटारवाल्यांच्या परिचयाचे ‘मायको’ हे नाव १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या मोटार इंडस्ट्रीज कंपनीचे. २००८ पासून तीही बॉश याच नावाने ओळखली जाते.

मोटारीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून कित्येक हजारांवर जातात आणि प्लगच्या टोकाशी असलेली एक मिलिमीटरच्या आसपासची फट ओलांडतात. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळा ही ठिणगी द्यावी लागते. प्रत्येक ठिणगीबरोबर टोकाचा धातू कणाकणाने झिजतो, फट रुंदावते, ती ओलांडण्यासाठी अधिक दाब लागतो, आणि तो ताण बिचाऱ्या कॉइलवर पडतो. साधा निकेलचा प्लग २० हजार किलोमीटरच्या सुमारास थकू लागतो. इरिडियमचा लाखाच्या घरात जाऊ शकतो. बडोदे, इंदूर यांसारख्या शहरांत पुष्कळ मोटारी नैसर्गिक वायूवर धावतात. वायूचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची वीज लागते, म्हणून अशा गाडीचा प्लग त्याहून लवकर तपासलेला बरा. डिझेल गाडीच्या मालकाला मात्र ही चिंताच नाही. तिथे इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेटते.

हे काम घरी करण्याजोगे आहे काय? गाडी पाहूनच उत्तर द्यावे लागते. १९८३ ते २०१४ या काळात निघालेली आणि अजूनही रस्त्यांवर दिसणारी मारुती ८०० घ्या: तीन सिलिंडर, तीन प्लग, आणि हात घालायला जागा. अशा गाडीचे काम रविवारच्या सकाळी चहा निवण्याच्या आत होते, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. उलट, ज्या गाडीत प्लगांपर्यंत पोहोचण्यासाठी हवेचे नळकांडे, कंस, बोल्ट असा अर्धा संसार उतरवावा लागतो, ती सरळ गॅरेजात न्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

हत्यारे थोडी लागतात. आत रबर असलेला योग्य मापाचा प्लग-पाना, लांब दांडा, फट मोजण्याचा फीलर गेज आणि सायकलचा पंप. पंप कशासाठी, तर प्लगाभोवतीच्या खड्ड्यात साचलेली माती उडविण्यासाठी. प्लग निघताच ती माती सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टन तिच्यासह खालीवर घासू लागतो. गोव्याकडच्या पावसात याच खड्ड्यात कधी पाणीही सापडते. ते फडक्याने टिपून घ्यावे.

एंजिन पूर्ण थंड असावे. सिलिंडर हेड बहुधा अॅल्युमिनियमचे असते आणि गरम अॅल्युमिनियमचे आटे पोलादी प्लगाबरोबर उखडून येऊ शकतात. बॅटरीची ऋण तार सोडावी. प्लगाची टोपी काढताना तार ओढू नये. टोपीच पकडून किंचित पिळून वर घ्यावी. आणि एका वेळी एकच प्लग काढावा. सर्व तारा एकदम सुटल्या की कोणती कोठली याचा वाद सुरू होतो, आणि त्या वादात गाडी कधीच जिंकत नाही.

आता खरी गोष्ट. निघालेला प्लग कचऱ्यात टाकण्यापूर्वी उजेडात धरून पाहावा. सिलिंडरच्या आत काय चालले आहे हे एंजिन न उघडता सांगणारा तेवढाच एक साक्षीदार आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व कुशल. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक व हवा कमी पडते. एअर फिल्टर आधी तपासावा. काळेपणा ओला आणि तेलकट असेल तर ऑइल ज्वलनाच्या जागी झिरपत आहे, आणि नवा प्लग हा त्यावर उपाय नव्हे. टोक पांढरेफटक, फोड आलेले दिसले तर ते भाजले आहे: मिश्रण विरळ असेल, किंवा प्लगच चुकीचा असेल. न पाहता प्लग बदलणारा मेकॅनिक गाडीचे दुखणे झाकून ठेवतो. दर प्लगाखाली सिलिंडरचा क्रमांक लिहिलेला कागद ठेवला की तीन किंवा चार साक्षी ओळीने वाचता येतात.

नवा प्लग क्रमांक पाहूनच घ्यावा. प्रत्येक प्लगाची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती निराळी असते, आणि गंमत अशी की एनजीके या जपानी कंपनीच्या क्रमांकात मोठा आकडा ‘थंड’ प्लग दाखवितो, तर बॉशच्या क्रमांकात तोच ‘गरम’ प्लग. तेव्हा आकड्याला आकडा जुळवून दुसऱ्या कंपनीचा प्लग घेणे हा जुगार होय. क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर आतल्या अवरोधाचे, बहुधा ५ हजार ओहमांच्या. तो नसेल तर ठिणगीचा विद्युत्-गोंगाट मोटारीतल्या रेडिओत शिरतो आणि अशा एखाद्या भाषणाऐवजी नुसती खरखर ऐकू येते.

फट गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तितकीच ठेवावी आणि ती वाकवायची ती फक्त बाहेरच्या टोकाने. इरिडियमचे मधले टोक सुईसारखे बारीक असते. त्याला हत्यार लावू नये. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नये. त्याच्या पांढऱ्या भागाला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला वाट सापडते.

बसविताना घाई केली तर मात्र वाचलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. प्लग तिरपा शिरला की हेडचे मऊ आटे कापले जातात, आणि मग टर्नरकडे जाऊन नवे आटे घालून घ्यावे लागतात. जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती येथे उपयोगी पडते. वीतभर रबरी पेट्रोल-नळी प्लगाच्या वरच्या टोकावर चढवून त्या नळीनेच तो फिरवावा. प्लग सरळ शिरत असेल तर फिरतो. तिरपा असेल तर नळी घसरते आणि आटे वाचतात. तो तळाशी टेकेपर्यंत पाना हातात घेऊच नये. नव्या वॉशरचा १४ मिलिमीटरचा प्लग टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोनतृतीयांश फेरा पुरे. जुना वॉशर दाबलेला असेल तर फेऱ्याचा बारावा भाग. वॉशरऐवजी निमुळत्या बैठकीच्या प्लगाला तर सोळावा भागच. ‘आणखी थोडेसे’ हा शब्दप्रयोग या ठिकाणी महागात पडतो.

टोपी टक् असा आवाज येईपर्यंत दाबावी, बॅटरी जोडावी आणि एंजिन चालू करावे. ते अडखळत असेल व फलकावरचा एंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर तसेच चालवीत राहू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते, आणि १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झालेला हा महागडा भाग त्या उष्णतेने वितळू शकतो. एंजिन बंद करून टोप्या पुन्हा तपासाव्यात. बहुधा एखादी अर्धवट बसलेली सापडते. उतरविलेल्या प्लगांपैकी बरा दिसणारा एक, आट्यांवर कागद गुंडाळून, हत्यारांच्या पिशवीत टाकावा आणि त्या कागदावर तारीख व गाडीचे किलोमीटर लिहावेत.