जुन्या इंजिनाचा फोटो

(चिंचोळी एमआयडीसी येथील रात्रीच्या साक्षरता वर्गात झालेले भाषण)



दिवसभर कारखान्यात राबून तुम्ही इथं आला आहात. काही जणी तर घरचा सैपाक उरकून, पोराला सासूच्या हवाली करून आल्या आहेत. तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही फोटो काढता, तर फोटोवरच बोला." लग्नाचे आणि बारशाचे फोटो तुम्ही नेहमीच बघता. म्हणून मी आज वाफेच्या इंजिनांच्या फोटोंविषयी बोलणार आहे. ती इंजिनं ज्या माळावरून आणि ज्या घाटातून धावली, त्या मुलखाच्या फोटोंविषयीही बोलेन.

तुम्ही म्हणाल, वाफेचं इंजिन आता आहे कुठं? खरं आहे. आपल्या जवळच्या पाकणी स्टेशनावरून आज विजेच्या गाड्या जातात. पण हा रस्ता जुना आहे. १८५९ साली पुण्याकडून येणारी आगगाडी कुर्डुवाडीपर्यंत पोचली. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. पुढच्या साली, म्हणजे १८६० मध्ये, ती सोलापूरला आली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं या माळावर इंजिनाचा धूर दिसत होता. १९७२ नंतर आपल्या देशात रेल्वेसाठी वाफेची नवी इंजिनं बांधणं जवळजवळ थांबलं. मोठ्या रुळांवरची वाफेची नेहमीची गाडी १९९५ साली बंद झाली.

मोठ्या गाडीपेक्षाही आपल्या भागाला जवळची होती ती छोटी गाडी, बार्शी लाइट. तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या मंडळींनी तिच्यातून प्रवास केला असेल. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं. बार्शी लाइटच्या रुळांत ते फक्त अडीच फूट होतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती बांधली. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली. १९०६ साली पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली मिरजेला. सगळी मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची वाट झाली.

कॅलथ्रॉपची युक्ती साधी होती. बैलगाडीत सगळं ओझं एका अंगाला घातलं तर काय होतं? जू उलालतं. ओझं सारखं वाटून ठेवलं तर हलक्या गाडीतही पुष्कळ माल जातो. त्याने ठरवलं, की इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालले, पूल हलके चालले आणि खर्च कमी झाला. त्याचं हे काम बघून पुढे इंग्लंडातही तशी छोटी गाडी बांधली गेली. हा गृहस्थ नंतर विमानातून उडी मारण्याच्या छत्र्या बनवू लागला, पण ती गोष्ट वेगळी.

आषाढी-कार्तिकीला या गाडीला मुंगीलाही जागा नसे. १९५४ साली सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळे छोटे रूळ काढून मोठे टाकले. आज कुर्डुवाडीहून लातूरला आणि मिरजेला मोठी गाडी जाते. सोय झाली, यात शंका नाही. छोट्या गाडीला वेळ फार लागायचा. पण ती गेल्यावर लोक मला विचारू लागले, "तिचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडं?"

आता इंजिनाकडं वळू. फोटो काढायचा तर वस्तू चालते कशी, हे आधी कळलं पाहिजे. तुमच्या घरी तांब्याचा बंब असेल. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे आडवा निजवलेला मोठा बंबच. फरक इतकाच, की त्यात एका नळीऐवजी पुष्कळ नळ्या असतात. फायरमन मागून कोळसा टाकतो. जाळाची धग नळ्यांतून पुढे जाते आणि भोवतीच्या पाण्याची वाफ होते. ती कोंडलेली वाफ दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांत शिरून दट्ट्याला पुढे-मागे ढकलते. दट्ट्याला दांडा आणि दांड्याला चाक. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तोच तो 'छुक' आवाज. चाकाच्या एका फेऱ्यात असे चार आवाज होतात. लहानपणी आपण चार वेळा 'छुक' म्हणत धावायचो, ते अगदी हिशेबात होतं.

वाफ पांढरी दिसते असं आपण म्हणतो. पण चहाच्या किटलीच्या तोंडाजवळ नीट बघा. अगदी तोंडाशी काही दिसत नाही, बोटभर पुढे पांढरं दिसतं. ते पांढरं म्हणजे थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. हवा थंड असली की हे थेंब जास्त बनतात आणि जास्त वेळ टिकतात. म्हणून चालत्या इंजिनाचा फोटो काढणारे लोक थंडीत भल्या पहाटे जातात. दार्जिलिंगच्या आणि निलगिरीच्या डोंगरात अजून वाफेची इंजिनं चालतात. तिथं दऱ्या, धुकं आणि वाफ असं सगळं एका फोटोत येतं.

बाकीची इंजिनं आता विसावली आहेत. माथेरानच्या डोंगरावर १९०७ साली छोटी गाडी सुरू झाली. तिचं एक इंजिन नेरळ स्टेशनात ठेवलं आहे, एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, आणि एक तर इंग्लंडला गेलं. नागपूरला मोतीबागेत छोट्या गाड्यांचं संग्रहालय २००२ साली उघडलं. 'फेअरी क्वीन' नावाचं इंजिन १८५५ सालचं आहे. इतकं म्हातारं असूनही १९९७ साली ते दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर धावलं. ते इंग्लंडातल्या लीड्स गावी किटसन नावाच्या कारखान्यात बनलं. बार्शी लाइटची पहिली इंजिनंही किटसनचीच.

अशा उभ्या इंजिनाचा फोटो काढणं सोपं वाटतं, पण नव्वद टक्के लोकांचा तो बिघडतो. इंजिन काळं असतं. भर दुपारी फोटो काढला, तर आभाळ पांढरं फटक येतं आणि इंजिन म्हणजे नुसता कोळशाचा ढीग. सकाळी उन्हं तिरपी असताना जा. ऊन चाकांवर बाजूने पडलं पाहिजे. मग दांडे, खिळे, पट्ट्या सगळं उठून दिसतं. मोबाईलची काच आधी धोतराच्या सोग्याने नाहीतर पदराने पुसा. निम्मे फोटो बोटांच्या तेलाने धुरकट होतात. मोबाईलच्या पडद्यावर इंजिनाच्या काळ्या भागावर बोट टेकवा, म्हणजे तो भाग उजळ येईल. लांबून मोठं करून काढू नका, पायाने जवळ जा.

आणि शेजारी एक माणूस उभा करा. माणूस नसेल तर इंजिन केवढं, ते कळत नाही.

अमेरिकेत विन्स्टन लिंक नावाचा एक फोटोवाला होता. त्याच्या देशात एका रेल्वेवर वाफेची इंजिनं शेवटची काही वर्षं चालू होती. १९५५ सालापासून पाच वर्षं तो त्या रेल्वेच्या परवानगीने रात्री दिवे लावून फोटो काढत हिंडला. त्याच्या फोटोंत नुसतं इंजिन नसतं. ओढ्यात डुंबणारी पोरं असतात, घराच्या ओसरीवर बसलेली माणसं असतात, आणि मागून गाडी जात असते. त्या गावांचं जगणंच त्याने त्यात पकडलं. मला त्याचे फोटो आवडतात ते याचसाठी. नुसत्या यंत्राचे फोटो मला चार बघितले की कंटाळा येतो.

मुलखाचंही तसंच आहे. काही जण म्हणतात, "आमच्याकडं काय आहे फोटो काढण्यासारखं? ना डोंगर, ना धबधबा." बार्शीच्या पुढे येडशीजवळ रामलिंगचा घाट आहे. छोटी गाडी तिथं बालाघाटाची चढण चढायची. पावसाळ्यात तिथं जाऊन बघा, हिरवाई डोळ्यांत मावत नाही. पण मला विचाराल तर आपला माळही काही कमी नाही. मृगाच्या आधी दुपारनंतर मोहोळच्या बाजूने काळं आभाळ चढतं, खाली गवत पिवळं असतं आणि मधे एखादं बाभळीचं झाड. त्या वेळी फोटोत जमीन एक हिस्सा घ्या आणि आभाळ दोन हिस्से घ्या. माळाचं सगळं वैभव आभाळात असतं.

आता एक गोष्ट जरा रागानेच सांगतो. आपली तरुण पोरं रुळावर उभं राहून फोटो काढतात. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात तीस मीटर पुढे येते. तुम्ही "एक, दोन" म्हणेपर्यंत ती साठ मीटर आली. आणि विजेच्या इंजिनाला धुराचा लोट नाही, छुकछुक नाही. त्याहून वाईट म्हणजे उभ्या वाघिणींवर चढणं. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट वीज असते. तारेला हात लावावा लागत नाही. नुसतं जवळ गेलं तरी ती हवेतून झेप घेते. रुळांच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे, पण मी गुन्ह्याचं भय घालत नाही. मी अशा घरी फोटो मोठा करून द्यायला गेलो आहे. हार घालायला. पोराच्या मोबाईलमधला शेवटचा फोटो तोच होता.

गाडीचा फोटो हवा असेल तर कुंपणाच्या बाहेरून काढा. नाहीतर फाटकापाशी, फाटक बंद असताना आपल्या जागेवरून काढा. माळ आणि गाडी दोन्ही तिथूनच चांगली दिसतात.

ज्यासाठी मी आलो, ती गोष्ट आता सांगतो.

मागे मी माढा तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. भिंतीवर एक जुना फोटो होता. बार्शी लाइटचं इंजिन आणि त्याच्यापुढं ओळीने उभी पाच माणसं. एकाच्या हातात कोळशाचं फावडं. घरातल्या आजी म्हणाल्या, "तो फावडंवाला म्हणजे माझे सासरे." त्यांचे दीर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "छे वहिनी! आबा नाहीत ते, थोरले काका आहेत. आबा त्या वेळी कुर्डुवाडीला शेडात होते." झालं! दोघांचं जुंपलं. आजी म्हणाल्या, "मी रोज त्या फोटोला हात जोडते, आणि तुम्ही म्हणता आबा नाहीत?"

मी म्हटलं, मागे काही लिहिलं असेल. खिळ्यावरून फोटो उतरवला, मागचा पुठ्ठा काढला. मागची बाजू कोरी. ना नाव, ना गाव, ना साल.

मग मी भिंगातून फोटो बघितला. इंजिनाच्या अंगावर नंबर होता, तो स्वच्छ वाचता आला. एका जाणकाराला विचारलं, तर त्याने नंबरावरून सांगितलं की हे इंजिन कुठल्या कारखान्याचं आणि कुठल्या साली बनलं. लोखंडाचा जन्म सापडला. कारण कोणीतरी ते लोखंडावर लिहून ठेवलं होतं. त्या पाच माणसांचं मात्र काहीच सापडलं नाही. त्या धगीपुढं उभं राहून त्यांनी जन्मभर कोळसा ओढला असेल. त्यांना लिहिता येत होतं की नाही, कोण जाणे.

आजी आजही त्या फोटोला हात जोडतात. दीर आता नाहीत. खरं काय, ते कळायची वाट त्यांच्याबरोबर गेली.

म्हणून मी गुरुजींना म्हटलं, मला तुमच्या वर्गात बोलू द्या. तुम्हाला आता लिहिता येतं. जोडाक्षर चुकलं तरी चालेल. जुनं इंजिन बघायला गेलात तर त्याच्या अंगावरची पितळी नाहीतर लोखंडी पाटी बघा. तिच्यावर कारखान्याचं नाव, नंबर आणि साल असतं. अक्षरं इंग्रजी असली तरी आकडे उतरवून घेता येतात. फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका. मोबाईल फुटतो, पाण्यात पडतो. चांगला असेल तो एक फोटो छापून घ्या. मागे लिहा: हे कोण, डावीकडून कोण कोण, गाव कुठलं, महिना आणि साल कुठलं, फोटो कोणी काढला. शिसपेन्सिलीने लिहा आणि हात हलका ठेवा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि ओल लागली की शाई फुटते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येणार आहे. येताना घरातला एक जुना फोटो प्रत्येकाने आणा. चौकटीत असेल तर मागचे चुका मोडू नका, चिमट्याने हळू सरळ करा म्हणजे परत बसवता येतील. आणि आणण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, यात कोण कोण आहे ते. पेन्सिली मी आणतो.