सायटेशनच्या आधीची वर्षे



२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले तेव्हा जपानचे शिमोन साकागुची चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांच्यासोबत मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल या अमेरिकी संशोधकांनाही हा सन्मान मिळाला. शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी तो होता. साकागुचींचा यातला कळीचा शोधनिबंध १९९५ चा. त्याचा आधार पुढे हजारो शोधनिबंधांनी घेतला. या आधार घेण्याला संशोधक ‘सायटेशन’ म्हणतात. मला बोलायचे आहे ते मुख्यतः हा निबंध लिहिला जाण्याआधीच्या वर्षांबद्दल.

आपल्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. नागोयाच्या संशोधकांनी १९६९ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदराच्या मादी पिल्लाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर पुढे तिचे अंडाशय नष्ट होत. सातव्या दिवशी काढली, तर काही होत नसे. टी-पेशींची ग्रंथीच काढून टाकल्यावर शरीर दुबळे होईल असे कुणालाही वाटेल. इथे तर शरीराचाच एक अवयव उद्ध्वस्त होत होता. क्योतोत वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या तरुण साकागुचींच्या मनात हे कोडे घर करून राहिले. पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून ते नागोयाच्या त्याच प्रयोगशाळेत गेले. निरोगी उंदराच्या टी-पेशी अशा पिल्लांना दिल्या, तर आजार टळतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे टी-पेशींमध्येच काही अशा असणार, ज्या इतरांना आवर घालतात.

पण काळ प्रतिकूल होता. ‘दमनकारी टी-पेशी’ ही कल्पना १९७० च्या दशकात फार गाजली होती. त्या पेशींची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचा रेणू सांगितला जाई. १९८३ च्या सुमारास जनुकांचा थेट तपास झाला, तेव्हा ज्या जागी आय-जेचे जनुक असायला हवे होते तिथे ते नव्हतेच. त्या एका धक्क्याने सगळे क्षेत्र कोसळले. दमनकारी पेशींवर काम करतो असे सांगणेही अवघड झाले. साकागुची तेव्हा अमेरिकेत वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करत होते. त्यांनी प्रश्न सोडला नाही. उंदरांत जे घडताना दिसत होते, ते आय-जे नसल्याने खोटे ठरत नव्हते. मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा काळ हाच वाटतो, आणि कुठल्याही सायटेशनच्या तक्त्यात तो दिसणार नाही.

१९९५ मध्ये त्यांनी या आवर घालणाऱ्या, म्हणजे नियामक टी-पेशींची खूण शोधून काढली. सीडी-४ गटातल्या टी-पेशींपैकी सुमारे दहा टक्के पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-२५ हे प्रथिन असते. त्या पेशी वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तर थायरॉइड, जठर, अंडाशय अशा अवयवांवर शरीराचाच हल्ला सुरू होई. वगळलेल्या पेशी वेळेत परत दिल्या, तर तो टळे. हा निबंध ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’त आला. विषयातले जाणकार वाचतात असे हे नियतकालिक आहे, पण ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’चा दबदबा त्याला नाही. आपल्याकडे मुलाखतीत आधी नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे सायटेशनवरून ठरणारा आकडा, विचारला जातो आणि निबंध उघडलाही जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुढे जे झाले ते विज्ञानाला शोभणारे होते. दमनकारी पेशींवर कडक टीका करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ ईथन शेवाक यांनी साकागुचींचे प्रयोग स्वतःच्या प्रयोगशाळेत करून पाहिले. निष्कर्ष तेच आले. शेवाक यांनी मत बदलले आणि १९९८ पासून स्वतः या विषयावर महत्त्वाचे निबंध लिहिले. सायटेशनच्या मोजणीत अशा निबंधातला उल्लेख एकच भरतो. प्रस्तावनेच्या ओळीत रिवाज म्हणून टाकलेला उल्लेखही एकच भरतो.

२००१ मध्ये ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी-३ या जनुकातला दोष शोधला. उंदरांत आणि लहान मुलग्यांत दिसणाऱ्या एका जीवघेण्या स्वयंप्रतिकार आजाराचे मूळ त्यात होते. २००३ मध्ये साकागुचींसह तीन गटांनी दाखवले, की नियामक टी-पेशी घडवणारे जनुक हेच. मग निबंधांचा पूर आला. २०१५ मध्ये, सायटेशनच्या आधारे संभाव्य नोबेल मानकऱ्यांची नावे सांगणाऱ्या यादीत साकागुची, याच विषयातले संशोधक अलेक्झांडर रुडेन्स्की आणि शेवाक अशी तीन नावे एकत्र आली.

आज या पेशी वाढवून प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये यासाठी रुग्णांवर चाचण्या चालू आहेत. कर्करोगात प्रयत्न उलट दिशेने आहेत. गाठीभोवती याच पेशी जमतात आणि लढाऊ टी-पेशींना रोखतात, म्हणून तिथून त्यांना हटवण्याचे मार्ग शोधले जात आहेत.