जुना पु-अर, रोजच्या पेल्यात

चीनच्या युनान प्रांतातला पु-अर चहा लोणच्यासारखा मुरत जातो. वाफवून दाबलेली त्याची चकती भाकरीसारखी गोल, बहुधा ३५७ ग्रॅमची. याचे दोन प्रकार. ‘शंग’ म्हणजे कच्चा, वर्षानुवर्षं आपसूक मुरणारा. ‘शौ’ मात्र ओलसर ढिगात दीड-दोन महिन्यांत मुरवतात. ही रीत १९७३च्या सुमारास रुळली.

रोजच्यासाठी मी ‘शौ’ प्रकारच सुचवीन. तो सौम्य असतो आणि खिशाला परवडतो. जुना शंग घ्यायचाच असेल तर वेष्टनावरच्या सालावर विसंबू नका, चकती हुंगून पाहा. ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा वास चांगला. कुबट, बुरशीचा वास आला तर परत ठेवा.

बोथट सुरीनं कडेनं पानं सोडवा, चुरा होऊ देऊ नका. पाच ग्रॅम पानांवर उकळतं पाणी ओता आणि ते पहिलं पाणी फेकून द्या. घट्ट दाबलेली पानं त्यानं सैल होतात. मग अर्धा कप उकळतं पाणी घालून दहा-पंधरा सेकंदांत गाळा. रंग गडद तांबूस येतो. तीच पानं सहा-सात वेळा चालतात, दर वेळी थोडं जास्त थांबायचं. दूध-साखर नको.

उरलेली चकती कागदातच गुंडाळून मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा. चहा शेजारचा वास चटकन ओढून घेतो.